मेव्हणीचा मॅक्रो

माझ्या मेव्हणीने उभ्या जन्मात एकाही माणसाला सुखाने आजारी पडू दिलेलं नाही. नर्स म्हणून सरकारी दवाखान्यात लागली, मेट्रन होऊन रिटायर झाली. पण तिने दवाखाना सोडला तरी दवाखान्याने तिला सोडलं नाही. लग्नाला गेलो की बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघतात, ही नवऱ्यामुलाची नखं बघते. ‘मुलगा गुणी आहे हो, पण अंगात रक्त नाही,’ असं तिने एकदा भर पंगतीत जाहीर केलं, आणि मुलाच्या आईने वाढता वाढता जिलबीचं ताट खाली ठेवलं. आमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला तिने साखर वाढली म्हणून भातावरून भाकरीवर आणलं. तो बिचारा लांब बिहारचा. आता भाकरी थापायला शिकलाय आणि मी दिसलो की तोंड फिरवतो. माझ्याकडे आली की चप्पल काढायच्या आधी माझं मनगट धरते. मी काही म्हणायला गेलो तर म्हणते, ‘बोलू नका भाऊजी, मोजतेय.’ मोजून झालं की मी विचारतो, ‘चालू आहे ना?’ ती म्हणते, ‘चालू आहे. पण मनापासून नाही.’

ही माझ्या बायकोची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कोणी कारण विचारलं तर ‘ड्यूटी होती’ एवढंच सांगते, आणि विचारणाऱ्याची जीभ बाहेर काढायला लावून बघते. राहते कोथरूडला. तिच्या बिल्डिंगमध्ये इंटरनेटची वायर यायची होती, ती अजून यायचीच आहे. म्हणून ती बसने सदाशिव पेठेत माझ्याकडे येते. माझ्याकडे वायर आहे, कारण मुलगा अमेरिकेला जाताना कॉम्प्युटर मागे ठेवून गेला. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस, जन्म लक्ष्मी रोडवर गिऱ्हाइकाला कापड दाखवण्यात गेला. मला त्या यंत्राचा उपयोग एवढाच, की त्याच्यावर टोपी ठेवायला जागा झाली.

मुलगा त्याच्यावर मित्रांबरोबर एक खेळ खेळायचा. प्रत्येक जण आपापल्या घरी, आणि सगळे मिळून एका राक्षसावर जायचे. एक जण मार अंगावर घेतो, बाकीचे मारतात, आणि एकाने मागे उभं राहून मंत्र टाकून सगळ्यांना जगवायचं. हे मागे उभं राहायचं काम मुलाकडे होतं. तो जायला निघाला तेव्हा जागा रिकामी पडली. त्याने सहज म्हटलं, ‘मावशी, तू बस की. यात बरं करायचं काम असतं.’ तिने फक्त विचारलं, ‘शिफ्ट कधीची?’ शनिवारी दुपारची निघाली. तेव्हापासून दर शनिवारी पडद्यावर पांढऱ्या झग्यातली, कमरेखाली केस सोडलेली पोरगी, आणि खुर्चीत ही, मानेला पट्टा आणि गुडघ्याला पट्टा. मुलाचे मित्र चांगले मोठ्या पगाराचे इंजिनियर हो, पण हेडफोन लावला की ती त्यांना वॉर्डबॉयसारखं झापते. ‘अरे ए, एवढं लागलंय आणि पळतोस कुठे? जागेवर उभा राहा!’ एकाला तर राक्षस समोर असताना विचारलं, ‘आवाज बसलाय का रे तुझा? मिठाच्या गुळण्या कर.’ त्याने म्हणे लढाई थांबवून केल्या.

अडचण झाली ती बोटांची. तिची बोटं सांध्यात आखडलेली. आधी जखमी माणसाच्या नावावर दाबा, मग मंत्रावर दाबा, तोवर तो गेलेला. त्यांचा म्होरक्या हिंजवडीच्या एका कंपनीत आहे, त्याने तिला मॅक्रो करून पाठवले. मॅक्रो म्हणजे आधीच लिहून ठेवलेला हुकूम. आपण एकच बटण दाबायचं. मंत्र कोणावर टाकायचा ते हुकूमच ठरवतो. माउसचा बाण ज्याच्या नावावर असेल त्याच्यावर, बाण कुठेच नसेल तर राक्षस ज्याला मारतोय त्याच्यावर, तेही नसेल तर स्वतःवर. मला हे समजायला दोन शनिवार लागले. तिला एका झटक्यात कळलं. ‘रात्रपाळीला सूचना देऊन घरी जायचं, तसंच आहे हे,’ म्हणाली. मग बँडेजची चिकटपट्टी कापून तिने बटणांवर लावली, वर पेनाने लिहिलं: ‘थोडं’, ‘जास्त’, ‘सगळ्यांना’, ‘विष उतरवणे’. माझी टोपी तेव्हाच खुंटीवर गेली.

तरी एका मोठ्या राक्षसापाशी गाडी अडली. एक जण पडला की पाठोपाठ सगळे पडायचे, असे किती शनिवार गेले. शेवटी म्होरक्याने तिला मॅक्रो अक्षर न् अक्षर वाचून दाखवायला सांगितला. आवाज स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

‘मावशी, पहिल्या ओळीत अट होती, माणूस जिवंत असेल तरच. ती कुठे गेली?’

‘मी काढली.’

‘अहो, का?’

‘जिवंत की मेला हे मी कोण सांगणार? ते डॉक्टरांनी सांगायचं. नर्सने हात थांबवायचा नसतो.’

‘मावशी, तो खरंच मेलेला असतो हो! तुमचा बाण त्याच्यावर राहतो आणि बटण तिथेच अडकतं. जे उभे आहेत त्यांना काहीच मिळत नाही.’

‘मग तुम्ही जरा जपून लढा.’

पोरगा वाईट नाही. पण शेवटी म्हणालाच, ‘पुढच्या शनिवारी ती अट घाला मावशी. नाहीतर बेंगळुरूचा एक जण तयार आहे.’ ही म्हणाली, ‘बसव त्याला,’ आणि हेडफोनची वायर नीट गुंडाळून ठेवली.

म्हणायला म्हणाली. पण रिटायर झाल्यावर तिला ‘या की मावशी, तुमच्याशिवाय सुरू कसं करायचं’ असं या पोरांखेरीज कोणी म्हटलं नव्हतं. त्या आठवड्यात ती रोज आली. माझं मनगट धरायची आणि मोजायला विसरायची. नुसती धरून बसायची.

मला कळत होतं. माझी बायको गेली तेव्हा डॉक्टर घड्याळ बघून, दोन शब्द बोलून निघून गेले. ही मात्र तिचे पाय चोळत राहिली. कापसाने ओठ ओले करत राहिली. मी चादर वर घ्यायला गेलो तर म्हणाली, ‘थांबा भाऊजी, ताईचे पाय गरम आहेत.’ त्या वॉर्डातल्या नर्सा हिच्याच हाताखाली शिकलेल्या. सगळ्या भिंतीशी उभ्या, पण मेट्रनबाईंना सांगणार कोण? मीही त्यांच्यातच उभा.

मला गोड बोलता येत नाही. कापडात डाग असला तर मी तो गिऱ्हाइकाला आधी दाखवायचो. शुक्रवारी मी तिला म्हटलं, ‘अगं, ताई गेली.’

‘मला माहीत आहे.’

‘तुला माहीत नाही. मलाही नाही. लोक म्हणतात वारल्या, मी नुसती मान हलवतो. आज तोंडाने म्हणतोय, गेली. तू हात चालवत ठेवलास म्हणून राहिली नाही, आणि थांबवलास तर तुझ्यामुळे गेली असं होणार नाही. ती अट घाल.’

‘तुम्हाला त्या खेळातलं काय कळतं भाऊजी?’

‘काही नाही.’

‘मग बोलता कशाला?’ म्हणून आत गेली आणि घासलेली भांडी पुन्हा घासली. मला वाटलं, आता पर्स उचलून जाते. पण बाहेर आली, पदराला हात पुसले, कॉम्प्युटरपुढे बसली आणि एका बोटाने एकेक अक्षर शोधत अट घातली. मग माझं मनगट घेतलं. ‘बोलू नका,’ म्हणाली. ‘मोजतेय.’

शनिवारी राक्षसापुढे पहिला पडला तो नेमका म्होरक्याच. तिचा बाण त्याच्याच नावावर होता. तिने बटण दाबलं. मंत्र त्याला सोडून, जो मार खात उभा होता त्याच्याकडे गेला. तिचं बोट थांबलं नाही. दाबत राहिली. बाकीचे उभे राहिले आणि राक्षस पडला. पोरं ओरडायला लागली, ‘मावशी, जिंकलो! मावशी!’ आणि सगळी खजिन्यावर तुटून पडली.

ही तिथे नव्हतीच. पांढरा झगा सावरत ती मागे निघाली होती, पडलेल्याकडे. त्याला उठवायचा मंत्र वेगळा असतो म्हणे, आणि लढाई संपल्यावरच चालतो. हात वर करून बराच वेळ उभं राहावं लागतं. म्होरक्या म्हणाला, ‘असू द्या मावशी, मी तिकडे सुरुवातीला जिवंत होऊन चालत येतो.’ ही म्हणाली, ‘गप्प पड तू.’

आता दर शनिवारी लढाई संपली की मी माझं स्टूल तिच्या खुर्चीजवळ ओढतो. बाकी खेळ मला कळत नाही, पण एवढं बघायला आवडतं. ती पोरगी हात वर करून उभी राहते, आणि खाली पडलेला तो हळूच हलतो, गुडघा टेकतो, उभा राहतो.

‘बघा भाऊजी,’ ती म्हणते, ‘उठला.’

‘हो,’ मी म्हणतो. ‘हा उठला.’