पत्रक पूर्ण वाचणारा मुलगा

भाईंदरला कॉलेजच्या गेटवर मी सिगारेटविरोधी पत्रकं वाटायचे. पोरं ती न वाचताच खिशात कोंबायची. एकाने मात्र पेटती सिगारेट पाठीमागे धरून, सडलेल्या फुप्फुसाच्या फोटोसकट दोन्ही बाजू वाचल्या.

"ताई, मरणार ते कळलं. सोडायची कशी, ते कुठंय?"

मी फाडकन म्हणाले, "इच्छाशक्ती लागते!"

"ती असती तर तुम्हाला विचारलं असतं का?" तो हसला आणि पत्रकाची नीट घडी घालून, मला परत देत टपरीकडे वळला.

मजकूर मीच लिहिला होता, आणि सोडायची कशी हे मलाच माहीत नव्हतं. ते कबूल करायची लाज वाटली, म्हणून त्याला झापलं. इतक्या पोरांमध्ये मदत मागणारा तो एकटाच होता.