सोळा हजार नऊशे पांढऱ्या पेशी

आईच्या डाव्या पायाच्या करंगळीला चप्पल लागून जखम झाली. साखरेमुळे ती भरेना. करंगळी वाचवायची तर रोज ड्रेसिंग करा, असं सर्जननं सांगितलं होतं. तेवढ्यात टेंभुर्णीचा माझा मेव्हणा जुळे सोलापुरातल्या आमच्या फ्लॅटवर लेसरचं घड्याळ घेऊन आला. हे घड्याळ वेळ दाखवत नव्हतं. मनगटावर बांधलं की खालून लाल उजेड पडायचा. त्यानं रक्तातल्या पांढऱ्या पेशी जाग्या होतात, असं विकणाऱ्यानं एका मंगल कार्यालयात पडद्यावर दाखवलं होतं. मेव्हण्यानं पोहे, चहा आणि विज्ञान एकाच बैठकीत घेतलं होतं.

प्रयोगशाळेत काचेच्या बशीतल्या पेशींवर मंद लेसर सोडला तर काही फरक दिसतो, असं मीही कुठंतरी वाचलं होतं. आईचा पाय बशीत नाही, हे मला सुचलं नाही. मला सुचली वही. ड्रेसिंगला जाणं बंद झालं. रोज सकाळी वीस मिनिटं उजेड, मग पट्टीनं जखम मोजायची. दर आठ दिवसांनी रक्ततपासणी.

जखमेचं तोंड चौदा मिलिमीटरवरून नऊवर आलं. पांढऱ्या पेशी आठ हजार दोनशेवरून अकरा हजार चारशे, मग सोळा हजार नऊशे. शेवटचा आकडा रिपोर्टवर ठळक छापला होता. दहावीच्या निकालातलं विशेष प्रावीण्य वाचावं तसा मी तो वाचला.

"दाजी, फौज दुप्पट झाली की," मेव्हणा म्हणाला आणि त्यानं पेढे आणले. साखरेच्या पेशंटच्या घरात. ते आम्ही दोघांनीच संपवले.

आत ठणकतंय, अंगात कणकण आहे, असं आई चार दिवस सांगत होती. ठणक मिलिमीटरमध्ये मोजता येत नाही. वहीत तिला रकानाच नव्हता.

पुढं ताप चढला तेव्हा सर्जनकडे गेलो, तोही वही घेऊन. फौजेची वाढ मी थोड्या ऐटीतच सांगितली. त्यांनी वही उघडली नाही, करंगळी दाबली. बुजत आलेल्या तोंडातून पू आला.

"फौज उगाच वाढत नसते," ते म्हणाले. "शत्रू आत शिरलाय."

करंगळी काढावी लागली. भेटायला आलेल्या मेव्हण्याचं म्हणणं पडलं की घड्याळ मनगटाऐवजी पायाला बांधायला हवं होतं.

"आता तुमच्याच पायाला बांधा, पावनं," आई म्हणाली. "तुमची धा हायती."

करंगळीच्या जागची जखम अजून भरतेय; वहीत आता पहिला रकाना ठणकेचा आहे. एखाद्या सकाळी आई "लई हाय" एवढंच म्हणते. मी पट्टी खाली ठेवतो आणि रिक्षा बोलावतो.