अक्काचं स्वीडिश

होळी नुकतीच झाली होती. मी परभणीत घरी कुरडयांचा चीक शिजवत होते, आणि बोरीहून अक्काच्या शेजारणीचा फोन आला, "मावशी, लवकर या, अक्का उठंनात." चीक तसाच टाकून निघाले. पोचले तेव्हा उठवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं... माझी थोरली बहीण झोपेतच गेली होती.

वैशाखात तिला स्वीडनला जायचं होतं. सतीश, तिचा एकुलता एक, तिकडेच नोकरीला, बायकोही तिकडचीच. नात मीरा पाच वर्षांची, पण तिला मराठीचा म येत नाही. सतीशला मी लाख वेळा झापलं, "अरे, निदान चार शब्द तरी शिकव!" तो नुसता हसायचा. शेवटी अक्काच म्हणाली, "त्याला कशाला बोलायलीस? मीच शिकते की तिची भाषा." साठी उलटलेली, सगळा जन्म बोरीत गेलेला, आणि ही बाई स्वीडिश शिकणार! मी कपाळावर हात मारला.

पण शिकली. मोबाईलवर धडा लावायची आणि भाकरी थापत त्याच्यामागून म्हणायची. सकाळी दूधवाल्याला "गु मॉरॉन", दळण आणून देणाऱ्याला "टाक्", म्हणजे आभार. त्यांच्यातल्या सातचा उच्चार मात्र जाम जमेना. अर्धा श, अर्धी फुंकर. "चूल फुंकल्यावानी करायचं बघ," असं मला शिकवायला जायची आणि दोघी हसून हसून बेजार व्हायचो. नात तिला "फारमुर" म्हणायची, म्हणजे बापाची आई. "आईच्या आईला येगळा शब्द हाय त्यांच्यात. लय हुशार लोकं," हे तिनं अख्ख्या गल्लीला सांगून झालं होतं.

एकच गोष्ट तिनं ऐकली नाही. फोन ठेवताना "हेय दो" म्हणायचं, असं धड्यात होतं. अक्काला ते पटेना. "असं तोडून कसं बोलावं लेकराला? आपण निघताना कधी 'जाते' म्हणतो का? 'येते'च म्हणतो न्हाई का?" मग तिनं 'येते'ला काय म्हणतात ते शोधून काढलं. यॉ कॉम्मेर. दर फोनला शेवटी तेच, तोंडभरून.

तेराव्याला सतीश माझ्याजवळ येऊन बसला. म्हणाला, "मावशी, आई 'यॉ कॉम्मेर' म्हणाली की मीरा बूट घालून दारात जाऊन बसायची. तिला वाटायचं, आजी निघालीच. मी आईला काही बोललो नाही. म्हटलं, वैशाखात येणारच आहे, तेव्हा खरंच होईल..." मला त्याचा राग आला, देवाचा आला, अक्काचाही आला. वैशाखापर्यंत थांबायला काय झालं होतं मेलीला?

तेवढ्यात त्याच्या घरून व्हिडिओ कॉल आला. आम्हा दोघी बहिणींचा चेहरा अगदी सारखा. पोरीनं मला पाहिलं आणि ओरडली, "फारमुर!" मग भराभरा काहीतरी विचारायला लागली. सतीशनं तोंड फिरवलं.

"काय म्हणायलीय रे?"

"कधी येतीस, म्हणायलीय."

काय सांगणार होते मी? येण्याचं म्हणून मला एकच वाक्य येत होतं, अक्काचं, आणि ते तोंडातून निघेना. ती आता येणार नाही, हे त्या भाषेत कसं म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं... आणि पोर माझ्या तोंडाकडे बघत थांबली होती.