ऑइल बदललं ना हो नक्की?

घरात गाडी आली की किस्से साठवावे लागत नाहीत. ते ऑइलच्या डागांसारखे असतात. कधी लागले ते कळत नाही, आणि कितीही घासले तरी निघत नाहीत! आमच्या आचोळ्याच्या बिल्डिंगमध्ये अजूनही कुणाची नवी स्कूटर आली की वहिन्या मला हाक मारतात, "अगं, खाली ये, ऑइल बघून दे!" आणि हसत सुटतात. हसू देत. त्या हसण्यामागे ज्या माणसांनी मला सांभाळून घेतलं, त्यांची मला रोज आठवण येते. म्हणून म्हटलं, एकदा लिहूनच टाकावं.

ह्यांची कंपनी बंद पडली तेव्हा आम्ही डिझेलची मोठी व्हॅन घेतली. बारा मुलांना सकाळी शाळेत सोडायचं, दुपारी आणायचं. बारातली एक आमची चिऊ, सिनियर केजीतली. बाकीच्या अकरा जणांच्या आया गेटवर उभ्या राहून सांगायच्या, "वहिनी, सांभाळून हं!" गाडी हे चालवणार आणि सांगायचं मला, जसं काही स्टिअरिंग माझ्याच हातात!

पण खरं सांगते, माझी झोप उडाली. शाळेच्या वाटेवर थोडा हायवे लागायचा. तिथे इंजिन बंद पडलं तर? आत बारा मुलं, मागून ट्रक. ह्या एका विचाराने माझ्या हातातली पोळी तव्यावर करपायची.

त्यात तळमजल्यावरचे परबकाका. वर्कशॉपमधून रिटायर झालेले. पहिल्या सर्व्हिसिंगच्या आदल्या दिवशी मला जिन्यात गाठून म्हणाले, "वहिनी, शोरूमवाले ऑइल बदलत नाहीत. बॉनेट उघडतात, नमस्कार करतात, बंद करतात!"

"आणि मग?"

"मग काय! एक दिवस इंजिन जाम. तेही भर रस्त्यात!"

काका वर्कशॉपमध्ये स्टोअरकीपर होते, त्यांनी आयुष्यात एकही नटबोल्ट पिळला नव्हता, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं!

*

सर्व्हिसिंग होऊन गाडी आली. दुसऱ्या दिवशी मी ह्यांना म्हटलं, "मला ऑइल दाखवा."

ह्यांनी बॉनेट उघडून ती लांब पट्टी बाहेर ओढली. मी माझ्या जुन्या साडीच्या फडक्यावर पुसली. बघते तर काळंकुट्ट! नवीन ऑइल मधासारखं असतं असं काका म्हणाले होते. हे तर काजळ!

मी बोट बुडवून उजेडात बघत होते. तेवढ्यात चिऊ पळत आली. माझं काळं बोट बघितलं, आणि आठ महिन्यांच्या भावाचा गाल माझ्यापुढे करून म्हणाली, "आई, बाळाला पण तीट लाव ना!"

तशीच बाळाला कडेवर घेऊन शोरूम गाठलं. तिथे मला पहिल्यांदा भेटले बस्त्याव अंकल. पापडीहून सायकलने येणारे, पिकल्या केसांचे, गळ्यात छोटा क्रॉस. शोरूममधले सगळ्यात जुने मेकॅनिक. मी फडकं त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते नीट बघितलं. हसले नाहीत, ह्याचं मला फार बरं वाटलं.

"बाय, तू कपडे धुतेस ना? मळके कपडे बुडवले की पाणी स्वच्छ राहील का?"

"नाही राहणार."

"डिझेलचं इंजिन तसंच. नवीन ऑइल टाकलं, गाडी एकदा चालली की काळं. काळं झालं म्हणजे ऑइल काम करतंय."

मला पटलं. घरी येईपर्यंत पटलेलं होतं. जिन्यात परबकाका भेटले. म्हणाले, "हे असंच सांगतात!"

*

पुढच्या सर्व्हिसिंगला मी कागद मागून घेतला. माझं शिक्षण सातवीपर्यंत, पण 'ऑइल' एवढं इंग्रजी मला वाचता येतं. कागदावर एकाखाली एक कामं लिहिलेली, आणि प्रत्येकापुढे टिक. एका दमात मारलेल्या, एकीची शेपटी दुसरीला चिकटलेली!

काउंटरवर एक मुलगी बसायची. कपाळाला रोज वेगळ्या रंगाचं गंध, स्वभावाने गोड. मी तिला विचारलं, "अगं, इथे वायपरपुढे टिक आहे. आमचा वायपर तर अजून तुटकाच आहे."

ती म्हणाली, "काकी, टिक म्हणजे बदललं असं नाही. टिक म्हणजे चेक केलं. बघितलं."

"बरं. मग ऑइलही नुसतं बघितलंच का?"

मागे बाकड्यावर बसलेले सगळे कस्टमर आपापले कागद काढून बघायला लागले!

*

मग मी ठरवलं, आता आपल्या डोळ्यांनी बघायचं. पण आत कस्टमरला जायला बंदी. मोठी काच, काचेच्या पलीकडे गाड्या वर चढवलेल्या. मी बाळाला कडेवर घेऊन काचेला लागून उभी राहिले. हे म्हणाले, "मी जरा चहा घेऊन येतो," ते गेले ते गेलेच! त्यांना माझी लाज वाटत असणार, पण एका शब्दाने कधी बोलले नाहीत.

दोन तास झाले. पाय भरून आले. बाळाने जीभ लावून लावून सगळी काच चाटली. शेवटी आमची गाडी वर चढली. बस्त्याव अंकल खाली पत्र्याचं घमेलं ठेवत होते. आता बोल्ट काढणार, आता ऑइल पडणार, आणि माझ्या कंबरेवर काहीतरी गरम गरम!

धावत बाथरूममध्ये गेले, बाळाला धुतलं, पुसलं, परत आले. गाडी खाली. बॉनेट बंद.

हे चहा पिऊन आले आणि त्यांनी विचारलं, "काय, बदललं का?"

म्हटलं, "बाळाचा लंगोट बदलला, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते!"

पण ऐका. त्याच्या पुढच्या वेळी गेले तर काचेजवळ एक खुर्ची ठेवलेली. मी उभीच राहिले, म्हटलं कुणा मोठ्या कस्टमरची असेल. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "बसा काकी, तुमचीच आहे. अंकलनी सकाळीच ठेवलीय. म्हणाले, ती बाय येईल, पोराला घेऊन उभी राहते."

*

परबकाकांनी नवी युक्ती काढली. "जुनं ऑइल मागून घ्या. बदललं असेल तर देतील, नसेल तर कुठून देतील?"

पटण्यासारखं होतं. मी मागितलं. बस्त्याव अंकलनी काही न विचारता एक अख्खा कॅन भरून दिला. मी तो रिक्षात पायाशी घेऊन, विजयी होऊन घरी आले. काकांना दाखवला. काकांनी कॅन हलवला, वास घेतला आणि म्हणाले, "हे कुणाच्याही गाडीचं असेल!"

आता ते ऑइल ठेवायचं कुठे? सासूबाई म्हणाल्या, "टाकू नको, दाराच्या बिजागऱ्यांना लावते." आमच्या दाराला लावलं, समोरच्यांच्या दाराला लावलं, मग सगळ्या मजल्यांवर वाटी फिरली. आठवड्याभरात बिल्डिंगमधलं एकही दार करकरेना!

त्यानंतर चौथ्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी तावातावाने आल्या. "काय करून ठेवलंस गं! आधी दार वाजलं की कळायचं, हे आले. आता टीव्हीसमोरून उठायलाही वेळ मिळत नाही!"

उरलेलं ऑइल गास गावाहून येणाऱ्या भाजीवाल्या मावशींनी नेलं. म्हणाल्या, "तोंडलीच्या मांडवाच्या खांबाना लावतें. पानी लागत नाय, वाळवी लागत नाय." पुढे महिनाभर त्यांनी माझ्या पिशवीत मूठभर तोंडली जास्तीची टाकली. नको म्हटलं तर म्हणायच्या, "तुज्या ऑइलाच्या वेलाचीच हायत!"

*

एका रविवारी मी ह्यांना विचारलं, "तुम्हाला माझा राग येत नाही?"

हे गाडी धूत होते. म्हणाले, "येतो की. पण हायवेला लागलो की मनात येतं, ती घरी जीव मुठीत घेऊन बसली असेल. मग मी आपोआप स्पीड कमी करतो."

एवढं बोलून पुन्हा टायरवर पाणी मारायला लागले. मी आत गेले आणि त्यांच्या चहात आलं जरा जास्त घातलं.

*

आता शेवटचं. हे मी बिल्डिंगमध्ये अर्धंच सांगितलंय.

दसरा जवळ आला होता आणि दसऱ्यानंतर आठवड्याने गाडीचं सर्व्हिसिंग होतं. बस्त्याव अंकलनीच मला मागे एकदा सांगितलं होतं, की ऑइल बदललं की त्याच्याबरोबर फिल्टरही नवीन बसवतात. बॉनेट उघडलं की एका बाजूला डब्यासारखा दिसतो तो. मला तेव्हाच सुचलं. फिल्टरवर खूण करायची! फिल्टर बदलला तर खूण जाईल. खूण राहिली तर चोरी सापडली!

दसऱ्याला गाडीची पूजा केली. झेंडूचा हार घातला, टायरला, स्टिअरिंगला कुंकू लावलं. मग बॉनेट उघडायला लावलं आणि गंधाच्या बाटलीतल्या ओल्या कुंकवाचा एक ठसठशीत टिळा फिल्टरच्या पोटावर लावला. सगळ्यांना वाटलं केवढी भक्ती! ह्यांनी तर फिल्टरला हात जोडले. सासूबाईंनी अक्षता टाकल्या. ती पूजा नव्हती, सापळा होता, हे फक्त मला ठाऊक.

आठवड्याने सर्व्हिसिंग झालं. चिऊला ताप होता म्हणून मी गेले नाही. दुपारी गाडी आली. मी बॉनेट उघडलं.

टिळा तिथेच! लालभडक!

मी जिन्याकडे तोंड करून ओरडले, "फिल्टर बदललाच नाही!" म्हणजे इतके दिवस बारा मुलं कशाच्या भरवशावर जात होती? परबकाका उलटसुलट चपला घालून धावत आले. "बघा! मी सांगत नव्हतो!"

बाळ कडेवर, मागे हे, त्यांच्या मागे काका, अशी आमची वरात शोरूममध्ये. मी आयुष्यात कधी चारचौघांत आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला. "माझा दसऱ्याचा टिळा फिल्टरवर तसाच आहे! फिल्टर बदलला नाही, तर ऑइल काय बदललं असणार! बारा मुलं बसतात त्या गाडीत!"

टायवाले मॅनेजर बाहेर आले. त्यांनी कागद मागवला. खाली सही बस्त्याव अंकलची. अंकलना बाहेर बोलावलं आणि सगळ्या कस्टमरसमोर मॅनेजर म्हणाले, "बस्त्याव, ह्या बाईंचं खरं निघालं तर उद्यापासून येऊ नका."

मला ऑइल हवं होतं. ह्या माणसाची नोकरी नको होती. काचेजवळ माझी खुर्ची तशीच होती, रिकामी.

अंकल वळले. आत गेले. कोपऱ्यात एक पिंप होतं, जुने फिल्टर टाकायचं. त्यात कोपरापर्यंत हात घातला. एक काढला, बघितला, ठेवला. दुसरा काढला. तिसरा काढला, आणि तो पेपरवर धरून बाहेर आणला. काउंटरवर ठेवला.

काळा, ऑइल गळणारा. त्याच्या पोटावर टिळा. एका बाजूने पुसटलेला, पण माझ्याच बोटाचा.

सगळे काउंटरभोवती वाकले. परबकाकाच म्हणाले, "मग गाडीत आहे तो?"

"तो मी लावला," अंकल म्हणाले.

काउंटरवरची मुलगी उठून उभी राहिली. "हो सर, माझ्याकडून गंधाची बाटली मागून नेली. मी म्हटलं, अंकल, तुम्हाला कशाला हवी? तर म्हणाले, गाडीला लावायचंय."

मॅनेजर अंकलकडे वळले. "पण का?"

अंकल फडक्याला हात पुसत होते. "जुना काढला, तर त्याच्यावर हिचं कुंकू. पोरं बसतात ना गाडीत, म्हणून हिने देवाचं लावलं असणार. ते मी काढून पिंपात टाकलं. मग नवीन तसाच कसा पाठवू?"

ते देवाचं नव्हतं, अंकल. हे माझ्या अगदी ओठापर्यंत आलं होतं. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं त्यांना तेव्हा सगळं कळलं.

बस्त्याव अंकल माझ्याजवळ आले. आवाज खाली करून म्हणाले, "बाय, आमच्यात कुंकू नसतं. मला त्यातलं काही कळत नाही. काडीने लावलंय. बरोबर लागलं ना?"

मी पदर डोक्यावर घेतला.

"हो अंकल. अगदी बरोबर लागलंय."