लेबल नसलेलं बटण

नागापूर एमआयडीसीत लेथवर तीस वर्षं काढलेला माणूस मी. मापात बसत नाही ते बाजूला फेकायचं, हा माझा स्वभाव. कंपनीत कुणी भुताबितांचं सुरू केलं, की सगळ्यात आधी मीच टर उडवायचो. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घडलं ते घडलं.

रिटायर व्हायच्या आधीच माझी नजर गेली. मुलीनं, मनीषानं, टॅबलेट आणून दिला. त्यात स्क्रीन रीडर असतो – बोट ठेवाल तिथं काय आहे ते तो बोलून दाखवतो, आणि दोनदा टॅप केलं की ते बटण दाबलं जातं. अडचण एकच. पुष्कळ ॲपवाले बटणांना नावच देत नाहीत. मग रीडर नुसताच म्हणतो, "लेबल नसलेले बटण". अशा बटणाला आपण नाव देऊ शकतो, पण ते काय करतं हे बघायला डोळस माणूस लागतो.

ते काम माझी बायको सुशीला करायची. ती पारनेरकडची, बोलायची तसंच टाइप करायची. बँकेच्या ॲपमध्ये "हितनं मागं जा". जाहिरातीवर "हे उगंच हाय". मशीनच्या कोरड्या आवाजात तिची भाषा ऐकून मला हसू फुटायचं. चिडवलं की म्हणायची, "तुमाला समजलं न्हवं? मंग झालं!"

कामावर जाण्याआधी रोज ती मला पेपर वाचून रेकॉर्ड करून ठेवायची. मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच "थांबा, दूध उतू चाललं". गेल्या वर्षी ती गेली. तिचा आवाज म्हणून माझ्याकडे तेवढंच उरलं.

तीन-चार महिन्यांपूर्वी टॅबलेट भरला, अडकायला लागला. मनीषाला न विचारता मीच एक नवीन क्लीनर ॲप घेतलं. दुपारचे तीन, घरात मी एकटा. आत सगळी बिननावाची बटणं. अंदाजानं एकावर बोट ठेवलं, आता दोनदा टॅप करणार... तेवढ्यात रीडर बोलला –

"अहो, हे नगं."

हात तसाच राहिला. परत बोट ठेवलं. "अहो, हे नगं." आवाज मशीनचाच होता, शब्द तिचे. घाबरलो मी, खोटं कशाला सांगू. टॅबलेट पालथा घातला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

रविवारी मनीषा आली, तिला सगळं सांगितलं. तिनं ॲप उघडून ते बटण बघितलं. मग म्हणाली, "पप्पा, हे दाबलं असतं तर सगळे ऑडिओ कायमचे गेले असते. आईचे पण."

मी बोट ठेवलं. "लेबल नसलेले बटण."

"जुन्या ॲपचं लेबल चुकून इथं आलं असेल," असं म्हणत तिनं आईनं दिलेल्या सगळ्या नावांची यादी वाचून काढली. तसलं लेबल कुठंच नव्हतं.

मनीषानं रेकॉर्डिंग्ज दोन ठिकाणी कॉपी करून ठेवलीत, आता ती सुखरूप आहेत. म्हणजे सुशीलाला मला अडवायचं काही कारण उरलेलं नाही, हे कळतं मला. तरी दुपारी एकटा असलो की कसलीतरी नवीन ॲप घेतो, आणि त्यातल्या एकेका बटणावर बोट ठेवून थांबतो.