पत्र्याबाहेरची हजेरी

माघातला सोमवार. तळोद्याचं कापसाचं जिन. पत्र्याच्या कुंपणाआत हजर: मालक, मुकादम, सरकारी साहेब आणि मुकादमानं निवडलेल्या तरण्या, धडधाकट बाया. बाहेर, उन्हात: जेठी, भुरकी, आणखी काही जणी आणि मी.

आम्ही खोकणाऱ्या. सरकी काढायच्या यंत्रातून, रेच्यातून, कापूस निघताना उडणारी धूळ आमच्या छातीत बसलेली. साहेब कामगारांना त्यांचे हाल विचारायला आलेला. मुकादमानं फाटकातच माझी वेणी धरून मला बाहेर ढकललं. मी पडले. हाताला लागलेला माझ्या केसांतला कापूस झटकत तो म्हणाला, "सायेबले माणसं दखाडनी शेतस. खोकला नही." आतल्या बाया हसल्या. त्यांनाही हसावं लागलं.

पत्र्याला भोक होतं. मी पाहिलं. साहेबानं आमच्याच माठातलं पाणी मागितलं. प्यायला. मग विचारलं, "काही त्रास?" मुकादम त्याच्या खुर्चीमागे उभा. आतल्या बायांतली सोनकी पुढे झाली. डोळे धुळीनं सुजलेले. म्हणाली, "बठ्ठं बरं शे."

सगळं बरं. माझ्या शेजारी जेठी तोंडात पदर कोंबून खोकत होती. आवाज आत जाऊ नये म्हणून.

आमच्या टोळीची नावं रोज सकाळी मीच पुकारायची. तोंडपाठ. मी उठले. पत्र्याला तोंड लावून ओरडले, "भुरकी!"

"शे!"

"जेठी!"

जेठीनं पदर काढला. तिला बोलता येईना. ती खोकली. खोकतच राहिली. तीच तिची हजेरी.

साहेबानं मान वर केली. "कोण आहे तिकडे?"

मुकादम हसला. "भीक मांगनाऱ्या बाया, सायेब."

साहेबानं मान डोलावली आणि टोपी घातली. मोटार आमच्यासमोरून गेली. आमच्या तोंडावर धूळ.

त्या दिवसापासून माझं काम बंद. संध्याकाळी सोनकीला गाठलं. "खोटं का बोललीस गं?"

ती चिडली. "पाव्हना व्हता तो. आपला माठनं पानी पिना. पाव्हनाले कोन रडगानं सांगस?"

मला राग आला नाही. भीती वाटली. मुकादम नसता, तरीही ती हेच बोलली असती.

चैत्रात जेठी गेली. मुकादमानं तिच्या आईला निरोप धाडला: दारूनं मेली. आजही पहाटे मी मनात नावं पुकारते. जेठीच्या नावाशी थांबते. पत्र्यापलीकडून खोकला येतो. मी उलट्या बाजूला आहे, असं वाटतं. आत.

आता बायांचे हाल विचारायला मी जाते. घरोघर. जिनानं हाकललेल्यांकडे आधी. मुकादम सोबत नाही. कुणाच्या घरचं पाणी पीत नाही, उंबऱ्याबाहेरच बसते. पाहुणी होत नाही. मग बाया बोलतात.

डोंगरातला जेठीचा पाडा राहिलाय. तिची आई अजून म्हणते, पोरगी दारूनं मेली. तिच्या दारात बसायचं राहिलंय.