उभी तरंगणारी सुपारी

छप्पर नसलेल्या घराला आप्पांनी कुलूप लावलं, दोनदा ओढून पाहिलं आणि किल्ली आईच्या हातात दिली. आईने ती कमरेला खोचली. मागची भिंत पडलेली होती, कोणीही सरळ चालत आत गेलं असतं. आईने निघण्यापूर्वी अंगण झाडलं होतं. आम्ही तिघं आणि माझी बायको सारिका टेम्पोशेजारी उभे होतो, आणि टेम्पोवाला रस्ता पुन्हा बंद व्हायच्या आत निघू या म्हणून मागे लागला होता.

सामान फारसं नव्हतंच. स्टीलच्या डब्यात बसवलेले देव, पितळेचा हंडा, वाळत घालूनही ओल्याच राहिलेल्या गोधड्या. आणि वाडीतल्या पंपाची मोटर. ती आप्पांनी स्वतः विहिरीवरून सोडवून आणली आणि गोणपाटात गुंडाळून चढवली. आप्पा, तिकडे आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो, असं मी म्हणालो. त्यांनी ऐकलं, आणि मोटर हलू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना गोधड्या लावल्या.

मी त्याआधी बरीच वर्षं भाईंदरला राहत होतो. जेसल पार्कात भाड्याची खोली, केबिन रोडजवळच्या लॅबमध्ये दातांच्या कवळ्या बनवायचं काम. पण तेव्हा घर सोडलं असं मला कधी वाटलं नव्हतं, कारण घर जागेवर होतं. श्रीवर्धनच्या बाजूला समुद्राला लागून सुपारीची वाडी, वाडीच्या पुढ्यात घर, घरात आई-आप्पा आणि माझा मोठा भाऊ. दादा वाडी बघायचा म्हणून मी इकडे कवळ्या घासू शकत होतो. वाडीत राहणाऱ्या मुलाला मुलगी मिळत नाही, हे वाचणाऱ्या तुमच्यापैकी जे गावी राहिलेत त्यांना मी सांगायला नको. दादा त्यावरून स्वतःचीच चेष्टा करायचा. मी सुपारीशी लग्न केलंय, ती माहेरी जात नाही, म्हणायचा.

वादळ आलं त्या वर्षी टाळेबंदी होती. लॅब बंद, म्हणून मी आणि सारिका गावी होतो. आदल्या दिवशी जीप फिरली, घराबाहेर पडू नका म्हणून सांगून गेली. मग वीज गेली, मोबाइल गेले. आमचं घर दगडी जोत्याचं, त्यामुळे बाकीच्यांसारखे आम्ही आसऱ्याला शाळेत गेलो नाही. खिडक्या बांधल्या आणि सगळे माजघरात बसलो.

वारा समुद्राकडून येतो, हे आम्हाला लहानपणापासून माहीत. त्या दिवशी तो डोंगराकडून आला. आधी कौलं गेली, मग वासे. सुपारीचं झाड पडताना फार आवाज करत नाही. पण शेकडो झाडं एकामागून एक पडायला लागली की खालची जमीन हलते, आणि ते आमच्या पायांना जाणवत होतं. आई देवांपुढे बसून होती. आप्पा भिंतीला पाठ लावून झाडं मोजल्यासारखे ऐकत होते.

मग वारा थांबला. हळूहळू नाही, पंखा बंद करावा तसा. छपराच्या भोकातून ऊन आत आलं. एक कावळा ओरडला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि सारिका हसली, सुटल्यासारखी. आप्पांनी मागचं दार उघडलं, आकाश पाहिलं आणि दादाला म्हणाले,

"थांबलंय. जा, वाडी बघून ये."

यात चूक काय होती? आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या असंच चालत आलंय. वादळ थांबलं की घरातल्या कर्त्या माणसाने आधी वाडीत जायचं, पाटात आडवं पडलेलं तोडायचं, नाहीतर पाणी तुंबून उभ्या झाडांची मुळं सडतात. दादाने कोयता घेतला. चप्पल सापडेना, तर तसाच गेला. मी त्याच्यामागे निघालो होतो, पण आईने मला छपरातून गळणारं पाणी धरायला घमेलं आणायला सांगितलं. घमेलं शोधेपर्यंत वारा परत आला. या वेळी समुद्राकडून. एका बाजूने खिळखिळी झालेली झाडं त्याने दुसऱ्या बाजूला ढकलली.

दादा तीन झाडांखाली होता. शेजारच्या बापूकाकांनी आणि मी झाडं तोडून त्याला काढलं. सबंध गावात लाकूडच लाकूड पडलेलं होतं, आणि सगळं ओलं. बापूकाकांच्या माळ्यावर चुलीसाठी ठेवलेली फाटी कोरडी होती, ती त्यांनी चितेसाठी दिली. मला हे सगळं नीट आठवतं. कुठली फांदी आधी तोडली तेही आठवतं. पण तेव्हा रडू आलं नाही. लोक म्हणाले, नंतर येईल. अजून आलेलं नाही.

भाईंदरला आल्यावर पहिल्यांदा घराबाहेर पडली ती आईच. महिनाभरात ती एकटी केबिन रोडला जाऊन भाजी आणायला लागली. तिचं हिंदी ऐकून भाजीवाला तिच्याशी मराठी बोलायला लागला, तर ती त्याला हिंदीतच उत्तर द्यायची. वाण्याकडे सुपारी हातात घेऊन बघायची, नखाने टोचायची आणि परत ठेवायची. आपली नाही, एवढंच म्हणायची. आप्पा बाल्कनीत बसायचे. समोर दुसऱ्या बिल्डिंगचे पाइप. सोसायटीचा पंप सुरू झाला की मान वर करायचे, बंद झाला की खाली. त्यांची मोटर दिवाणाखाली होती. सारिका झाडू मारताना ती अलगद सरकवायची.

तरी तोवर आप्पा बोलत होते. दादाबद्दलही बोलायचे. त्याचं तेवढंच लिहिलेलं होतं, म्हणायचे, आणि त्या वाक्याला धरून त्यांचा दिवस जायचा. पुढच्या वर्षी कुठेतरी दुसरं वादळ यायचं होतं, तेव्हा टीव्हीवर ते पांढरं चक्र फिरताना दाखवत होते. बातम्या देणारी मुलगी सांगत होती की मध्ये जे भोक दिसतं तिथे वारा नसतो, ऊनसुद्धा पडतं, लोकांना वाटतं वादळ संपलं, पण कृपया बाहेर पडू नका, उलट्या दिशेने वारा परत येतो. आम्ही जेवत होतो. आप्पा ताटावरून उठले, टीव्हीजवळ गेले आणि त्या भोकावर बोट ठेवून उभे राहिले. आईने उठून टीव्ही बंद केला, तरी त्यांचं बोट तिथेच होतं.

त्यानंतर आप्पांनी बोलणं सोडलं. अगदी मुके झाले नाहीत. चहा, हो, नको, झोपतो, एवढं असायचं. कोणाला काही करायला मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. पाणी दे म्हणायचे नाहीत, स्वतः उठून घ्यायचे. मी कामावर निघालो की दाराशी येऊन उभे राहायचे आणि सांभाळून जा एवढंही म्हणायचे नाहीत. मला ते उशिरा कळलं. ते कोणाला "जा" म्हणत नव्हते.

पावसात आमच्या रस्त्यावर पाणी भरतं. लोक गाड्या पुलावर नेऊन लावतात, पोरं व्हिडिओ काढतात, तळमजल्यावरच्या जिग्नाबेन गाद्या कपाटावर चढवतात आणि म्हणतात, हर साल का है. मी बाल्कनीतून बघत उभा असतो. भीती वाटायला हवी, असं मला वाटतं. आतून काहीच येत नाही. तुमच्यातले जे महाडहून, चिपळूणहून पाणी बघून इकडे आलेत त्यांना मी विचारलं, त्यांचंही असंच आहे. आम्ही एकमेकांना पाणी किती भरलंय ते सांगतो आणि चहा पितो.

मग एका हिवाळ्यात बापूकाका आले. आमच्या वाडीत कोपऱ्यातली थोडी झाडं उभी राहिली होती, त्यांची पिकलेली सुपारी त्यांनी आईला पूजेसाठी पिशवीतून आणली होती. खरं काम वेगळं होतं. वाडीला गिऱ्हाईक आलं होतं, मुंबईचा माणूस, त्याला तिथे कॉटेजं बांधायची होती. काकांनी आप्पांसमोर सगळं मांडलं. विकायची तर विका, ठेवायची तर कोणीतरी येऊन लागवड करा, माझ्याच्याने दोन वाड्या होत नाहीत, असं ते स्पष्ट म्हणाले. आप्पा एकटक पिशवीकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी सारिका बाथरूममधून बाहेर आली आणि म्हणाली, बादलीत सुपाऱ्या आहेत, मी आंघोळ कशी करू? मी आत जाऊन पाहिलं आणि तिथेच उभा राहिलो. ज्यांची वाडी नाही त्यांच्यासाठी सांगतो. बियाणं निवडताना पिकलेली सुपारी सालासकट पाण्यात सोडतात. देठ वर करून जी उभी तरंगते ती पेरायची. जी आडवी लोळते ती फोडून खायची. लहानपणी आम्हा दोघा भावांना आप्पांनी हे शिकवलं तेव्हा दादा सुपारी पाण्यात टाकायच्या आधीच ओळखायचा, आणि मी चिडायचो. त्या बादलीत उभ्या सुपाऱ्या वेगळ्या करून एका कडेला लावलेल्या होत्या. आप्पा तिथे नव्हते. ते सुपाऱ्या रुजत घालायला जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीची वाळू आणायला गेले होते. ती खारी असते हे आठवून रिकामे परत आले, आणि मग समोर बांधकाम चालू होतं तिथून मागून आणली.

कोंब आल्यावर रोपं दुधाच्या पिशव्यांत गेली. सगळी बाल्कनी भरली. मग जिग्नाबेन वर आल्या. त्यांच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर लाल मातीचं पाणी पडलं होतं आणि त्या चांगल्याच तापल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात मागून आप्पा बोलले.

"सुपारी है. दो साल रहेगी. फिर जाएगी."

आईने पोळी तव्यावरच ठेवून वळून पाहिलं. किती दिवसांनी ते एका दमात एवढं बोलले होते, तेही हिंदीत. जिग्नाबेननी रोपांकडे पाहिलं, पूजावाली सुपारी का, असं विचारलं आणि चादर धुवायला घेऊन गेल्या. नंतर त्यांनी आमच्या बाल्कनीच्या खालच्या बाजूला प्लॅस्टिक बांधून घेतलं. आम्ही सगळे लग्नाला गेलो की पाणी त्याच घालायच्या.

पण "फिर जाएगी" म्हणजे कुठे, हे कोणी विचारलं नाही. गिऱ्हाईक काकांना फोन करत होतं, काका मला करत होते. मी आप्पांना सांगायचो, ते ऐकून घ्यायचे. यंदा पावसाआधी काकांनी शेवटचं विचारलं. रोपं आता गुडघ्याच्या वर गेली आहेत, पिशव्या फुटायला लागल्या आहेत. लावायची तर याच पावसात, नाहीतर फेकावी लागतील. मी ठरवलं की आपणच जावं, वाडीची काय अवस्था आहे ते पाहावं आणि काय ते संपवून टाकावं. तोवर एकदाही मी तिकडे गेलो नव्हतो. पुढच्या रविवारची एसटी बघतोय, असं मी जेवताना म्हणालो. विकायला जातोय की लावायला, ते माझं मलाच माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मी बूट घालत होतो. आप्पा नेहमीसारखे दाराशी येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं, चप्पल की बूट ते बघितलं. मग म्हणाले,

"जा. वाडी बघून ये."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मी लेस हातात धरून तसाच बसलो. ते वाक्य आमच्या घरात त्या दिवसानंतर कोणी उच्चारलं नव्हतं, आणि ते तोंडातून निघाल्यावर आप्पांनाही ते ऐकू आलं. त्यांचा हात चौकटीवर गेला. मला वाटलं, आता हे पुन्हा गप्प होतील, या वेळी कायमचे.

"थांब," ते म्हणाले. "एकटा नको जाऊस. मी येतो."

ते आत गेले, दिवाणाखाली वाकले आणि गोणपाटातली मोटर ओढून बाहेर काढली. आईने कमरेची किल्ली काढली. इतकी वर्षं इथे आई रोज साडी नेसताना ती तिथेच खोचत होती, हे मला त्या दिवशी दिसलं. तिने किल्ली आप्पांना दिली नाही, माझ्या हातावर ठेवली. ती अंगाच्या उबेने गरम होती.

आता एसटीत बसून हे लिहितोय. गाडी पेणच्या पुढे गेली आहे. मांडीवर रोपांची पहिली खेप आहे, बाकीची आई आणि सारिका पुढच्या आठवड्यात आणतील. आप्पा खिडकीशी आहेत, मोटर त्यांच्या पायांमध्ये आहे आणि कंडक्टर तिच्यावरून एकदा बोलून गेलाय. तिकडे गेल्यावर काय वाटेल, मला माहीत नाही. कदाचित काहीच वाटणार नाही. कुलूप उघडू आणि आत आकाशच असेल. घर म्हणजे काय, असं माझ्यासारखे इकडे आलेले लोक विचारतात, तेव्हा मला पूर्वी बोलायला पुष्कळ सुचायचं. आता एवढंच सुचतं, की तिथे जायला कोणीतरी आपल्याला सांगावं, आणि सांगून झाल्यावर आपल्याबरोबर यावं.

वळणावर गाडी कलली की आप्पा माझ्याकडे न बघता एक हात पुढे करून रोपं धरतात. मी मघापासून नाक पुसतोय. खिडकीतून धूळ येतेय, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी खिडकी लावून घेतली.